दाबून पाहायची रीत

अप्पा, तुमची नात अकरा वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही. तिचा उजवा पाय सध्या गुडघ्याखाली प्लास्टरमध्ये आहे आणि घोट्याच्या हाडात दोन तारा आहेत. पाय मोडला त्या दिवशी मी तो दाबून पाहिला होता, तुम्ही पाहायचात तसाच, आणि काही झालेलं नाही असं तिला सांगितलं होतं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुमचा राग आला नव्हता. या आठवड्यात आला. म्हणून लिहिते आहे.

औरंगपुऱ्यातला तो दवाखाना आता नाही. खाली मोबाइलची दुकानं आहेत, वर क्लासेस. पण मला तो दिसतो. लाकडी आडोशामागे तुमचं स्टूल, समोर काचेच्या बाटल्या, बाटलीवर डोस मोजायला चिकटवलेली कागदाची कातरलेली पट्टी. ती पट्टी मी कापायचे. सुट्टीत तुम्ही मला बरोबर न्यायचात, कारण घरी मी आईला आवरत नसे. सिल्लोडच्या गाडीनं माणसं यायची, गठुडी घेऊन भिंतीला टेकायची, आणि डॉक्टरसाहेब आतूनच ओरडायचे, ‘पहिलं कंपाउंडरला दाखवा.’ तुम्ही कधीच विचारलं नाही की कुठं दुखतं. माणूस सांगायला लागला की तुम्ही हात वर करून त्याला गप्प करायचात. मग दुखण्यापासून लांब कुठंतरी बोट ठेवायचात आणि दाबत दाबत जवळ यायचात. नजर बोटाकडं नाही, त्याच्या चेहऱ्याकडं. चेहरा हलला की तुम्ही थांबायचात. ‘इथं,’ म्हणायचात. माणूस थक्क व्हायचा. निजामाच्या राज्यात, अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनपर्यंत, तुमची शाळा उर्दूतली, त्यामुळं कुणी मुसलमान म्हातारा असला की तुम्ही खुशीत त्याला सांगायचात, ‘चाचा, ज़बान झूट बोलती, चेहरा नहीं बोलता.’ तो मान डोलवायचा. मीही डोलवायचे.

ही रीत तुम्ही दवाखान्यात शिकला नव्हतात. ती आजोबांची. त्यांच्या मेंढरांमधली. मेंढी काही सांगत नाही, म्हणून खुरापासून वर दाबत जायचं आणि तिच्या कानाकडं बघायचं. कान हलला की तिथं काटा. हे तुम्ही मला अभिमानानं सांगितलं होतं. डॉक्टर पुस्तक वाचून शिकले, आपण जनावराकडून शिकलो, असं. मला ते खरंच आवडायचं. मेंढपाळाचा मुलगा शहरात येतो आणि पांढऱ्या कोटातल्या माणसाआधी लोक त्याच्याकडं जातात.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा मागच्या चाळीतल्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडले. दुपार होती, तुम्ही जेवायला घरी आला होतात. तुम्ही हात धुतले, मला पायरीवर बसवलं आणि डावा हात मनगटापासून वर दाबत निघालात. तुमचा चेहरा मला आठवतो, माझ्या चेहऱ्यावर रोखलेला. मला मात्र त्या वेळी भिंतीवर एक मुंगळा दिसत होता. तो साखरेचा खडा घेऊन चढत होता आणि दर वेळी त्याच भेगेपाशी घसरत होता. कोपर दाबलं असेल. मला मुंगळा आठवतो, कोपर आठवत नाही. तुम्ही म्हणालात, ‘काय नाय. मुका मार हाय.’ आंबेहळद उगाळून लावलीत आणि पट्टी बांधलीत. पट्टी सुंदर होती. तुमच्यासारखी पट्टी कुणाला बांधता यायची नाही.

बारा दिवसांनी आई माझी वेणी घालत होती. तिनं मला मागची रिबीन धरायला सांगितली. माझा हात मागं जाईना. मग डॉक्टरसाहेबांनी फोटो काढायला लावला आणि हाड वाकडं जुळलंय, पुन्हा मोडून बसवावं लागेल असं सांगितलं. तुम्ही नको म्हणालात. सायकलवर पुढं बसवून मला घरी आणलंत, सायकल भिंतीला लावलीत, आणि विचारलंत, ‘तोंड शिवलं व्हतं का तुझं? सांगाया काय झालं व्हतं?’ आणि माझ्या थोबाडीत मारलीत. मी तुमच्याकडं बघत राहिले. तुम्ही आईला हाक मारलीत. ‘बघ. रडत बी नाय. दगड हाय दगड.’ त्या आवाजात राग होता, पण कौतुकही होतं, आणि मी कौतुकच घेतलं.

ते कौतुक पुढं पुष्कळ वर्षं मिळत राहिलं. पोरगी लई सोशिक, असं सगळे म्हणायचे. मुलीच्या बाबतीत हा शब्द दागिन्यासारखा वापरतात. मला पाहायला माणसं आली तेव्हा आईनं माझा डावा हात पदराखाली ठेवायला सांगितलं, पण सोशिकपणा मात्र त्यांना आधीच कळवलेला होता. बाळंतपणाला मी दवाखान्यात इतकी उशिरा पोचले की नर्स रागावली. घरी मात्र सगळ्यांनी पाठ थोपटली. मी वर्गात शिकवते, मुलांना सहनशीलतेवरचे धडे शिकवलेत, आणि स्वतःला धीट समजत आले. मला दुखत नाही की मी सोसते, हा फरक मला कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

तुमची नात माझ्याच वळणावर गेली आहे. तिसऱ्या वर्षी तिनं इस्त्रीला हात लावला आणि काढायला वेळ लावला. पायाचं नख उखडलं तर रक्ताची पावलं फरशीवर उमटवत ती दिवसभर फिरली. शाळेत ती बाकावर बसत नाही, बसली तर ऐकत नाही, डबे हरवते, उत्तर येत असून प्रश्न संपायच्या आत बोलते, म्हणून बाहेर उभी राहते. बाईंनी मला बोलावून सांगितलं, ‘हुशार आहे, पण शिस्त लावा.’ मी दोन वर्षं शिस्त लावली. म्हणजे ओरडले. शेवटी मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टर भेटल्या, त्यांनी नीट तपासलं आणि एडीएचडी असं नाव सांगितलं. लक्ष एका जागी धरून ठेवणं आणि स्वतःला आवरणं, हे त्या मुलांच्या मेंदूला जड जातं. त्यांनी गोळी दिली. ती उत्तेजक आहे म्हणाल्या. मी विचारलं, आधीच धावणारीला उत्तेजक कशाला? त्या म्हणाल्या, ‘लक्ष धरणारा भाग झोपलेला असतो, म्हणून बाकीचं सगळं पळत असतं. त्याला जागं करायचं.’ तुम्हाला ही गोळी आणायला पाठवायला हवं होतं. ती सगळ्या दुकानांत मिळत नाही. मिळते तिथला माणूस चिठ्ठी उलटसुलट बघतो, तिची प्रत ठेवून घेतो आणि मी ती स्वतःसाठी चोरून नेत असल्यासारखा विचारतो, ‘पेशंट कोण आहे?’

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती ओट्याशी उभी राहून भाकरी फुगताना बघत होती. हे उभं राहणंच नवीन होतं. तव्याच्या कडेला तिचं बोट लागलं. तिनं हात झटकला आणि किंचाळली. मी घाबरले, कारण हा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पाण्याखाली बोट धरलं. ती रडत नव्हती, चिडली होती. बोटाकडं बघून म्हणाली, ‘हे असं असतं? सगळ्यांना असं होतं?’ मी हो म्हणाले. मला खरंच माहीत आहे का, हे तिनं विचारलं नाही.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अशा काही मुलांना दुखणं कमी जाणवतं असं अभ्यासांत दिसलंय, आणि गोळीवर ते बाकीच्या मुलांसारखं होतं असंही. पण उलटंही दिसलंय. सगळ्यांचं एकमत नाही. तुमच्या मुलीचं काय, ते तिलाच विचारत राहा.’ मग त्यांनी माझ्या कोपराकडं बघितलं आणि विचारलं, ‘तुमचं काय?’ मी म्हणाले, लहानपणी पडले होते. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी उगाचच चीड आली.

त्यानंतर घरात रोज एक तक्रार. वेणी ओढते. गणवेशाची कॉलर घासते. लशीचा डोस टोचला तेव्हा आरडाओरडा. आई माझ्याजवळ राहते आता. तिचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. ती म्हणायची, ‘वाघावाणी व्हती पोरगी. सुई बघून हसायची. आता मुंगी चावली तरी भोकांड पसरायली. काय दिलंस गं तिला?’ नात तिच्याच बाजूची. ‘मला नको गोळी,’ ती म्हणायची. ‘गोळी घेतली की दुखतं.’ मी सांगायचे की अगं, तू आता गणितं पूर्ण करतेस, बाई खूश आहेत, तुला मैत्रीण झाली. ती म्हणायची, ‘ते चांगलंय. पण दुखतं.’ डॉक्टरांनी रविवारी गोळी नाही दिली तरी चालेल असं सांगितलं होतं. रविवार ही तिची सुट्टी झाली, आणि आईचीही.

अशाच एका रविवारी आम्ही दौलताबादला गेलो होतो. ती पुढं पळत होती. उतरताना एका तुटक्या पायरीवर घसरली आणि तीन-चार पायऱ्या खाली गेली. मी पोचले तोवर उठून बसली होती. मी तिचा बूट काढला. आणि अप्पा, माझा हात आपोआप तुमचा झाला. बोटांपासून वर दाबत निघाले, नजर तिच्या चेहऱ्यावर. समोरच्या तटावर एक वानरीण पिलाच्या उवा काढत होती. पोरगी तिकडं बघत होती. मी घोट्यापर्यंत गेले, घोट्याच्या वर गेले. चेहरा हलला नाही. मी म्हणाले, ‘काही नाही. चल.’ बूट पुन्हा घातला, नाडी घट्ट बांधली आणि तिला उरलेल्या सगळ्या पायऱ्या उतरायला लावलं. तिचे वडील म्हणाले, जरा उचलून घेऊ का? मी म्हणाले, सवयी लावू नका.

सोमवारी ते सकाळीच जालन्याला कामावर गेले. सातला तिनं गोळी घेतली. अर्ध्या-पाऊण तासानं शाळेचा बूट घालता घालता ती दारातच बसली आणि रडायला लागली. पाय, पाय, एवढंच. मी पाहिलं, थोडी सूज होती. आई भिंतीला धरून आली. ‘काल चांगली हुंदडत व्हती की. रात्री बी काय नव्हतं. गोळी घेतली न् पाय दुखायला लागला. आता तरी बघ डोळे उघडून.’ नात रडता रडता म्हणाली, ‘आजी खरं बोलती. गोळीनंच दुखतंय.’ शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत होती. मला दहा वाजता तास होता. मी रिक्षा परत पाठवली, तासाला रजा कळवली आणि तिच्याजवळ बसून राहिले. दुपारनंतर गोळी उतरली. चार वाजता ती उठली आणि गॅलरीत गेली. आईनं माझ्याकडं फक्त बघितलं.

पुढं जे झालं ते कितीही वेळा मांडलं तरी मला समजत नाही. मी शिकलेली आहे. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की गोळीवर अशा काही मुलांना दुखणं इतरांसारखं कळतं, आणि हिचं तसंच आहे हे मी तव्याच्या दिवशी पाहिलंही होतं. म्हणजे सोमवारी सकाळी तिला जे कळलं ते खरं होतं आणि रविवारी कळलं नाही ते खोटं होतं. पहिलीतल्या पोराला समजेल एवढं सरळ आहे. पण मंगळवारी मी गोळी दिली नाही. बुधवारीही नाही. ती रडली नाही. ती शाळेत गेली, जिना चढली, मधल्या सुट्टीत पळाली. आणि घरात बऱ्याच दिवसांनी शांतता होती, ती मला हवी होती. दुखणं गेलं असं मी समजले. ते सांगणारं माणूस मी गप्प केलं होतं.

बुधवारी संध्याकाळी तिचा मोजा निघेना. घोटा काळानिळा, पिंडरीपर्यंत. फोटोत हाड मोडलेलं होतं आणि चालून चालून सरकलेलं होतं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ‘सोमवारी आणली असती तर नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं. आता तार घालावी लागेल.’ आणि दुसरं हे म्हणाले की मोड हाड वाढायच्या जागेजवळ आहे. पाय नीट वाढतो की नाही ते दोन वर्षं दर काही महिन्यांनी बघत राहावं लागेल. तोवर कुणीच काही सांगू शकणार नाही. मी विचारलं, आखूड राहील का? ते म्हणाले, ‘बघू.’

तुमच्यावर राग का, ते आता सांगते. दवाखान्याच्या बाकावर बसून मला आठवलं की आजोबा मेंढीचा पाय नुसता दाबत नसत. मी लहान असताना गावाकडं पाहिलं आहे. ते आधी कळपाच्या मागं उभे राहायचे आणि तिला चालू द्यायचे. बराच वेळ. कुठला पाय उशिरा टेकतो, कोण चरायचं सोडून बसतं, कोण मागं राहतं. मेंढी दुखणं लपवते, हे त्यांना माहीत होतं. कान हलला नाही तरी ते म्हणायचे, उद्या बघू. दाबणं हे शेवटचं. तुम्ही त्यातलं तेवढंच शहरात आणलंत, कारण तेवढंच स्टुलावर बसून करता येत होतं आणि लोक थक्क होत होते. मंगळवारी पोरगी उजवं पाऊल बाहेर फेकत चालत होती. मी ते पाहिलं होतं. आजोबांना ते फाटकातून दिसलं असतं. मला ते बघण्यासारखं वाटलं नाही, कारण तिचा चेहरा ठीक होता.

तुम्ही म्हणाल, त्या काळी हे कुठं माहीत होतं. खरं आहे. तुमच्याकडं गोळी नव्हती, नाव नव्हतं, डॉक्टरीणबाई नव्हत्या. पण तुमच्याकडं बारा दिवस होते. माझा हात रोज तुमच्या समोर होता. मी डाव्या हातानं तांब्या उचलत नव्हते. तुम्हाला माझं काय चुकलं हे बघायला उशीर झाला नाही. माझं काय दुखतं हे बघायलाच झाला. आणि थोबाडीत मारल्यावरही मी रडले नाही याचा तुम्हाला अर्थ लावता आला असता. तुम्ही त्याचं नाव दगड ठेवलंत. मी ते मिरवलं. हा राग कुठं ठेवायचा मला कळत नाही, कारण तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून आणताना आख्ख्या रस्त्यात तुमचा एक हात हँडलवर होता आणि दुसरा माझ्या मोडक्या हाताखाली.

ऑपरेशननंतर मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली. मी ती तिच्यासमोर धरली. ती म्हणाली, ‘दुखेल?’

‘दुखेल.’

‘किती?’

‘जेवढं आहे तेवढं.’

तिनं पुष्कळ वेळ विचार केला, तेही गोळी न घेता. मग म्हणाली, ‘मी ओरडले तर तू काही नाही असं म्हणायचं नाही.’ मी कबूल केलं. तिनं गोळी घेतली. थोड्या वेळानं ती ओरडली. मी काही नाही असं म्हणाले नाही. दुसरं काय म्हणायचं तेही मला येत नव्हतं, म्हणून कुठं, ते विचारलं, आणि तिनं सांगितलं.

एक गोष्ट वर लिहिली नाही. हाडांच्या डॉक्टरांनी त्या बुधवारी मला विचारलं होतं, ‘सोमवारी गोळी घेतल्यावर रडत होती म्हणता. मग गोळी बंद कुणी केली?’ आई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. मी म्हणाले, तिच्या आजीनं. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. डॉक्टरांकडं बघून म्हणाली, ‘व्हय साहेब. मीच म्हणलं, नगं देऊ. अडाणी माणूस मी.’ डॉक्टरांनी तिला बरंच सुनावलं. ती ऐकत राहिली. घरी आल्यापासून ती नातीच्या गोळीच्या वेळा मला विचारून घेते आणि बोटांवर मोजून पाठ करते.

आई आता आत बसून शेंगा सोलते आहे. मला तिची पाठ दिसते. हे सगळं तिला सांगायचं होतं, अप्पा. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.